उपग्रहाची पैसेवारी

पीक बुडाले की तगले, याचा निवाडा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पैसेवारीने केला. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर टंचाईच्या सवलती. वर गेली तर हात रिकामे. परंतु खरिपाची अंतिम पैसेवारी हाती येईपर्यंत डिसेंबर उजाडतो, आणि तोवर कित्येकांची जनावरे बाजार दाखवून झालेली असतात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने म्हणूनच पर्जन्यमान, पेरणी व जमिनीतील ओल यांच्या जोडीला उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती हा निकष आणला. २०१८ साली राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरलाच. वेळेची ही बचत थोडी नव्हे.

उपग्रहाची रीत समजण्यास कठीण नाही. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतविते. या दोहोंतील तफावतीवरून हिरवेपणाचा निर्देशांक निघतो. आठवड्यामागून आठवडा तो मांडला की पेरणीनंतर चढणारी, भर हंगामात माथा गाठणारी आणि पीक पिवळे पडताच उतरणारी रेषा मिळते. ती यंदा किती उशिरा चढली आणि किती लवकर ढळली, हे मागील वर्षांशी ताडून पाहता येते. तिला ना गावकी ठाऊक, ना भावकी.

तथापि ही रेषा हिरवेपणा मोजते, दाणे मोजीत नाही. पावसाने ओढ दिल्यामुळे सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या तरी नंतरच्या सरींनी माजलेले तण शेत हिरवेच दाखविते. ऐन खरिपात ढग आड येतात. रडारचे उपग्रह ढगांपलीकडे पाहतात; पण ते पिकाची ठेवण व ओल टिपतात, पानांचा रंग नव्हे. काही उपग्रहांचा एक ठिपका जेमतेम गुंठाभर जमिनीचा असतो, तर काहींचा अडीचशे मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे सुमारे पंधरा एकरांचा. त्यात विहिरीवरचा बागाईतदार आणि शेजारचा कोरडवाहू शेतकरी एकाच सरासरीत मोडतात. तालुक्याच्या सरासरीत तर अख्खे गाव लोपू शकते.

संहितेने प्रत्यक्ष पडताळणीसाठी तालुक्यातील दहा टक्के गावे निवडण्यास सांगितले आहे. उरलेल्या गावांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? पैसेवारी मान्य नसेल तर हरकत घेता येत असे, तलाठ्याला बांधावर बोलाविता येत असे. आकाशातील साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची अशी सोय शेतकऱ्याला नसेल, तर निकष शास्त्रीय होऊनही न्याय दूरच राहील. प्रत्येक गावाची हंगामरेषा मराठीत, मागील वर्षांच्या रेषांसह, चावडीवर लागली पाहिजे. हरकतीस मुदत आणि हरकत आलेल्या शिवाराची पाहणी हा गावाचा हक्क ठरला पाहिजे. उपग्रहाने तलाठ्याचे श्रम जरूर वाचवावेत. शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची शासनाची जबाबदारी मात्र त्याच्यावर ढकलता येणार नाही.