मुखपृष्ठावरचा मिनार

मराठी मुसलमान लेखकाचे पुस्तक छापायला गेले की मुखपृष्ठावर मिनार उगवतो. पुस्तकात मिनार असो वा नसो. कथा कोकणातल्या खलाशाची असो की नापास झालेल्या पोरीची असो, चित्रकार हिरवा रंग कालवतो, कोपऱ्यात चंद्रकोर टाकतो आणि उरलेल्या जागेत बुरख्यातून डोकावणारे दोन डोळे बसवतो. ही तक्रार जुनी आहे. संमेलनांच्या मांडवात आणि चहाच्या टपरीवर ती आपण सर्वांनी बोलून दाखवली आहे. आता ती लेखी करणे आम्हांला भाग पडले, कारण गेल्या वर्षी आम्ही पदरच्या पैशाने एक अद्भुतरम्य कादंबरी छापायला काढली आणि नाव व मुखपृष्ठ या दोनच गोष्टींवर सहा महिने अडून बसलो.

कादंबरी घडते नळदुर्गच्या किल्ल्यात. धाराशिव जिल्ह्यातल्या या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी बांध घालून अडवले आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातले हे काम. भर पावसाळ्यात नर आणि मादी या दोन धारा बांधावरून कोसळतात आणि महालात माणूस कोरडा उभा राहतो. हे दृश्य लहानपणी पाहिलेल्याला जिनाची गोष्ट सुचली नाही तरच नवल. आमच्या गोष्टीत पाण्याच्या हिशेबाची वही सांभाळणारा एक जिन आहे आणि दुष्काळात ती वही चोरायला निघालेली बारा वर्षांची एक मुलगी आहे. एवढेच. यात मिनार कुठेही नाही.

पहिला सल्ला मिळाला मुखपृष्ठ करणाऱ्याकडून. त्याने पुस्तक वाचले नव्हते. लेखकाचे नाव वाचले होते. तेवढ्यावर त्याने तीन नमुने करून आणले. तिन्हींत मिनार होता, एकात उंटही होता. नळदुर्गात उंट कशाला, असे विचारल्यावर तो सरळपणे म्हणाला, ‘वाचकाला लगेच कळायला पाहिजे ना, साहेब.’ काय कळायला पाहिजे? पुस्तक कशाविषयी आहे ते, की लिहिणारा कोण आहे ते? या दोन गोष्टींतला फरक मराठी ग्रंथव्यवहाराला अजून उमगलेला नाही, हे आमचे पहिले म्हणणे आहे.

नावाचेही तेच. ‘तिलिस्म’, ‘जन्नत’, ‘दास्तान’ यांपैकी एखादा शब्द नावात हवाच, आणि अक्षरे उर्दूच्या वळणाची हवीत, असा आग्रह झाला. आम्ही त्या शब्दांचे शत्रू नाही. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकात ‘तिलिस्मे होशरुबा’ छापली, त्या परंपरेचे आम्ही स्वतःला वारसच समजतो. पण आमची मुलगी मराठवाड्यातली आहे, ती घरात दख्खनी आणि शाळेत मराठी बोलते, आणि पाण्याला पाणीच म्हणते. तिच्या गोष्टीचे नाव मराठीत का असू नये? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अलिफ लैला मराठीत आणली तेव्हा तिला ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ असे अस्सल मराठी नाव दिले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ग्रंथ लिहिला आणि त्याला ‘योगसंग्राम’ म्हटले. शास्त्रीबुवांना अरबी गोष्टींसाठी मराठी शब्द सापडतात, शेख महंमदांना आपल्या अनुभवासाठी मराठी शब्द पुरतात, मग आम्हीच तेवढे परक्या वेषात का फिरायचे?

मराठीला अद्भुताचे वावडे आहे, असेही नाही. ‘कादंबरी’ हा शब्दच बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ग्रंथावरून आला, आणि त्या ग्रंथात गंधर्व आहेत, शाप आहेत, पुनर्जन्म आहेत, आणि त्यातली बरीचशी गोष्ट एक पोपट सांगतो. तोच गोष्टीवेल्हाळ पोपट संस्कृतातल्या ‘शुकसप्तती’तून मराठीत ‘शुकबहात्तरी’ होऊन आला आणि चौदाव्या शतकात नख्शबीच्या हाती फारसीत ‘तूतीनामा’ होऊन गेला. पोपटाला कोणी जात विचारली नाही. अमीश त्रिपाठी यांनी २०१० साली आपली पहिली कादंबरी स्वतःच्या हिमतीवर बाजारात आणली, मुखपृष्ठावर पाठमोरा शिव ठेवला, आणि पुढे ती मराठीतही ‘मेलुहाचे मृत्युंजय’ म्हणून वाचली गेली. त्याबद्दल आमची तक्रार नाही, कौतुकच आहे. प्रश्न इतकाच की तेथे शिव आला तर ती भारतीय कल्पनाशक्ती ठरते आणि आमच्या पानावर जिन आला तर ते ‘अरबी वातावरण’ कसे ठरते? आमचा जिन नळदुर्गचा रहिवासी आहे. त्याने अरबस्तान पाहिलेलेही नाही.

दुसरा सल्ला वितरकाचा. तो अधिक गोड आवाजात आला आणि म्हणून अधिक बोचला. ‘पुस्तक चांगले आहे, पण मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरे घाला. नाव आडवे येते.’ एका बाजूने चित्रकार म्हणतो, तुम्ही मुसलमान आहात हे दुरून दिसू द्या. दुसऱ्या बाजूने वितरक म्हणतो, दिसू देऊ नका. दोघांनाही पुस्तकाशी कर्तव्य नाही. आम्ही त्या गृहस्थांना सांगितले की आमच्या बापाने ठेवलेले नाव आहे, ते पूर्ण छापले जाईल आणि पुस्तकाच्या नावाच्या खाली, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापले जाईल. त्यापायी शंभर प्रती कमी खपल्या तर त्या आमच्या घरात राहतील. घरात माळा आहे.

येथवर परक्यांची झडती झाली. आता घरची.

आमच्याच वडीलधाऱ्यांपैकी एकाने विचारले, ‘समाज जळत असताना जिनाच्या गोष्टी कसल्या लिहिता?’ तलाक, शिक्षण, दंगली, बेकारी हे आमचे विषय, बाकीचा चैनीचा मामला, अशी ही धारणा आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्या जगण्याला मराठीत जागा मिळावी ही मागणी होती. ती रास्त होती आणि तिच्यामुळेच आज आम्ही लिहीत आहोत. पण जागा मागितली ती पूर्ण माणसाची. पूर्ण माणूस दुःख भोगतो तसा स्वप्नही पाहतो. बेगम रुकैया यांनी १९०५ साली ‘सुलतानाज् ड्रीम’ लिहिले. पडद्यात वाढलेल्या त्या बाईने पुरुष घरात बसले आहेत आणि बायका राज्य चालवीत आहेत असा देश कल्पिला. स्त्रियांच्या प्रश्नांवर याहून धारदार निबंध कोणता? अद्भुत म्हणजे पलायन, हे ज्यांनी अद्भुत वाचले नाही त्यांचे मत आहे. आमच्या कादंबरीतली मुलगी पाण्याची वही चोरते ती टँकर न येणाऱ्या गल्लीसाठी.

दुसरा आक्षेप चित्राचा. सजीवांचे चित्र नको, असे काही मित्र म्हणाले. ज्यांची श्रद्धा तशी आहे त्यांच्या श्रद्धेचा आम्ही उपहास करणार नाही. पण ‘आपल्या परंपरेत चित्र नाहीच’ असे कोणी ठोकून दिले तर मात्र ते खोटे आहे. अकबराच्या दरबारात हमजानाम्याची सुमारे १४०० चित्रे कापडावर रंगली. त्यांत देव आहेत, राक्षस आहेत, घोडे आहेत, माणसांची गर्दी आहे. दख्खनेतच, विजापूरच्या आदिलशाही दरबारात, १५७० साली ‘नुजूम अल्-उलूम’ ही सचित्र पोथी सिद्ध झाली. ती आज डब्लिनच्या संग्रहात आहे. आपल्या मातीतली कल्पनाशक्ती पाहायला आपल्याला आयर्लंडला जावे लागते, आणि आपल्या पुस्तकांवर मात्र कॅलेंडरातला मिनार चिकटतो, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

तिसरी सूचना सर्वांत प्रेमळ होती: मुखपृष्ठावर ‘पहिली मुस्लिम मराठी अद्भुत कादंबरी’ अशी पट्टी टाका. आम्ही ती नाकारली. पहिली आहे की नाही, हे सांगणारे आम्ही कोण? आणि ‘मुस्लिम मराठी’ हे नाव आम्ही चळवळीसाठी अभिमानाने वापरतो, वापरत राहू. बंद दार ढकलायला ते लागते. पण दार उघडल्यावर प्रत्येक पुस्तकाच्या कपाळावर ती पाटी ठोकली, तर ग्रंथालयवाला ते पुस्तक एका ठरावीक फळीवर ठेवून मोकळा होतो आणि गोष्ट शोधत आलेली पोरे त्या फळीकडे फिरकत नाहीत.

स्वतः प्रकाशन करण्यात कष्ट पुष्कळ आणि घाटा बहुधा ठरलेला. पण एक सुख आहे. शेवटचा शब्द आपला असतो. पुस्तकाच्या नुसत्या नावावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे नाव निवडायला कायद्याची आडकाठी नाही; आडकाठी आहे ती आपल्या भिडेची. आम्ही भीड सोडली. कादंबरीचे नाव ठेवले ‘पाण्याखालचा पहारा’. मुखपृष्ठावर काळ्या दगडाचा बांध, दोन पांढऱ्या धारा, आणि बांधाच्या मधोमध एक लहान खिडकी, तिच्यात पिवळा उजेड. आत कोणीतरी जागे आहे, एवढेच कळते. माणसाची आकृती नाही, ती कोणाला भिऊन वगळली म्हणून नव्हे. खिडकीत कोण आहे हे वाचकाने आत येऊन पाहावे म्हणून. हल्ली निम्मे गिऱ्हाईक मुखपृष्ठ मोबाइलवर पाहते, तेव्हा ते टपालाच्या तिकिटाएवढे होते. म्हणून अक्षरे ठळक, साधी, देवनागरीच्या स्वतःच्या वळणाची घेतली. त्या आकारातही नाव वाचता येते आणि खिडकी दिसते, हे आम्ही पाच फोनांवर पाहून घेतले.

आमच्यामागून येणाऱ्या लेखकांना एकच सांगणे आहे. पुस्तक न वाचता मुखपृष्ठ करणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. जे पुस्तकात नाही ते मुखपृष्ठावर येऊ देऊ नका. पुस्तकात मशीद असेल, अजान असेल, तर मिनार खुशाल काढा, मोठा काढा. तो आपलाच आहे, त्याची शरम नाही. पण तो आपण बोलावला म्हणून यावा. आपले नाव वाचून दुसऱ्याने धाडला म्हणून नव्हे.