विंचवाचं बिऱ्हाड आणि अकरा महिन्यांचा करार

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची मी गव्हाला ऊन दाखवत बसले होते, तोच शेजारच्या वहिनी आल्या. चेहरा उतरलेला, हातात घरमालकीणबाईंचं पत्र. फ्लॅट विकायला काढला आहे, जानेवारीत करार संपला की घर मोकळं करून द्यावं, असा मजकूर. अडीच वर्षांत हे त्यांचं तिसरं घर. पहिल्या मालकांनी भाडं एकदम वाढवलं, दुसऱ्यांचा मुलगा परदेशातून परत आला आणि आता हे! त्यात मुलगी दहावीला. "अहो, तिच्या पुस्तकांच्या दोन खोक्यांच्या दोऱ्याही मी अजून सोडल्या नाहीत," असं म्हणाल्या नि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

गंमत अशी की, वहिनी काही बेघर नाहीत. कोथरूडमध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं हक्काचं घर होतं. इमारत जुनी झाली, सोसायटीने पुनर्विकासाला दिली, ती पाडली. नवी होईपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देतो. म्हणजे घर असून बिऱ्हाड विंचवाचं!

आमच्या कोथरूडला सध्या हेच चालू आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक उतरताहेत. एक इमारत रिकामी झाली की पंधरा-वीस कुटुंबं एकाच महिन्यात घर शोधायला निघतात. आणि शोधतात कुठे? तर जवळपासच. मुलांची शाळा तीच हवी, सासूबाईंचे डॉक्टर तेच हवेत, पोळ्यावाल्या मावशीही त्याच हव्यात! घरं मोजकी, मागणारे फार. शिवाय पुनर्विकासवाल्यांच्या भाड्याला बिल्डरचा हातभार असतो, म्हणून ती चार पैसे जास्त द्यायला तयार होतात. भाडं चढतं ते असं. पदरच्या पगारातून भाडं भरणाऱ्या कुटुंबाची यात ओढाताण होते. त्यात एप्रिल-मेमध्ये शाळांमुळे गर्दी आणखी वाढते. जमत असेल तर घर दिवाळीनंतर शोधावं, तेव्हा बोलायला थोडी जागा असते.

पण भाड्याच्या आकड्यावर आपण जेवढी घासाघीस करतो, तेवढी मुदतीवर करत नाही. वहिनींचं तिन्ही वेळा तिथेच चुकलं. "करार अकरा महिन्यांचाच असतो ना!" असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं. मलाही तसंच वाटे. मग आम्ही दोघी ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनीच गाठीशी बांधावं.

अकरा महिन्यांची रीत पडली ती नोंदणी चुकवण्यासाठी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला तो ३१ मार्च २००० पासून. त्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. ती जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर शिक्षेची तरतूद आहे, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारणच उरलं नाही, नुसती सवय राहिली!

मालकांची भीतीही खोटी नव्हे, बरं का. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी गोठली, वाड्यांत पिढ्यान् पिढ्या भाडेकरू राहिले, ते लोक विसरले नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जणींचा म्हातारपणाचा आधार एखाद्या फ्लॅटचं भाडं हाच असतो. पण नोंदलेला करार त्यांनाही सांभाळतो. मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही, तर त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

आता खर्चाचं पाहू. समजा, भाडं ३०,००० रुपये, डिपॉझिट १ लाख आणि मुदत ३६ महिने. तीन वर्षांचं भाडं झालं १०,८०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, त्याचे ३०,०००. एकूण ११,१०,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे २,७७५ रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. दर अकरा महिन्यांनी घर बदललं तर एजंटचं एका महिन्याचं भाडं, टेम्पो, हमाल, नवे पडदे, गॅसची नि इंटरनेटची जोडणी हे सगळं पुन्हा पुन्हा. हिशेब आपणच करावा.

सही करण्याआधी घरच्या बाईने करार स्वतः वाचावा. ह्या गोष्टी त्यात आहेत का, ते पाहावं :

● मुदत किती? पुनर्विकासाला तीन वर्षं लागणार असतील, तर निदान दोन वर्षांची तरी मागावी.

● दर वर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार, तो आकडा आधीच लिहावा.

● किती महिने कोणीही करार मोडायचा नाही, आणि नंतर सोडायचं तर नोटीस किती दिवसांची.

● मालकाने घर विकलं तरी मुदतीपर्यंत राहू देण्याची जबाबदारी त्याने घ्यावी. असं काही लिहिलं नसेल, तर नवा मालक तुमच्या कराराला बांधील राहीलच असं नाही.

● डिपॉझिट कधी परत मिळणार आणि रंगाचे पैसे कोण देणार.

● सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क मालकाने भरायचं. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर असू नये.

घर विकत घेणाऱ्या मैत्रिणींसाठीही दोन शब्द. सध्या जुना फ्लॅट दाखवताना एजंट म्हणतो, "ताई, लवकरच रीडेव्हलपमेंट होणार!" आणि त्या आशेचीही किंमत लावतो. अशा वेळी विचारावं : सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे का? जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? अनेक जुन्या सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर असते. मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ मध्ये झाली, पण खटपट कोणी करायची, म्हणून कागद तसेच पडून राहतात. आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या घरावर ६०,००० वाचतात. तेवढ्यात स्वयंपाकघराचे ओटे नि कपाटं होतील की!

वहिनींचं पुढे काय झालं? मी त्यांना म्हटलं, पत्राला पत्राने उत्तर नको, जाऊन भेटू. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. दहावी म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मे अखेरपर्यंत राहा, मी गिऱ्हाइकाला थांबवते. पण भाडं दोन हजारांनी वाढवावं लागेल." वहिनींनी मान्य केलं आणि तेवढ्या महिन्यांचाही करार नोंदवून घेतला. जूनमधल्या नव्या घरासाठी त्यांनी छत्तीस महिने मागितले. मिळाले चोवीस. चोवीस तर चोवीस!

परवा त्यांच्या नव्या घरी गेले होते. पुस्तकं खोक्यांतून निघून फडताळात लागली होती. वहिनींनी करार आणून दाखवला. शेवटच्या पानावर यजमानांच्या सहीखाली त्यांचीही सही होती. म्हणाल्या, "ह्या वेळी मी सगळा वाचला, मगच सही केली."

तुमच्या गावात भाड्याच्या घरांची काय स्थिती आहे? करारात कुठे अडचण आली, कुठे सोय झाली, ते जरूर कळवा. एकीच्या अनुभवाने दुसरीची एक ने-आण तरी वाचेल.