ऐकण्यांत डोळ्यांचा वाटा

आपण केवळ कानांनींच ऐकतों, हा समज अपुरा आहे. डोळ्यांनीं टिपलेलें मेंदूच्या मागील भागांत पोहोंचतें, कानांनीं टिपलेलें कानशिलांच्या आंतील भागांत. मग मेंदू दोहोंचा मेळ घालतो. मॅकगर्क व मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत आवाज 'बा' असा होता, परंतु दिसणारे ओठ 'गा' म्हणत होते. तेव्हां बहुतेक प्रौढांस 'दा' ऐकूं आलें!

धानाची कापणी आटोपल्यावर आपल्या गोंदिया जिल्ह्यांत झाडीपट्टीचीं नाटकें रात्र रात्र रंगतात. त्या गलबल्यांत नटाचें तोंड दिसलें, कीं त्याचे शब्दही अधिक स्पष्ट ऐकूं येतात, तें याच कारणानें.

वर्गांतही हेंच घडतें. मागच्या बाकावरील मुलगा वारंवार चुकला, कीं आपण त्यास मंद म्हणून मोकळे होतों. त्यास नीट ऐकूं येत नसेल, हा विचार आधीं व्हावयास हवा. पालकांनीं त्याचे कान व डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि शिक्षकांचें मुख स्पष्ट दिसेल अशा पुढच्या बाकावर त्यास बसवावें. विद्यार्थिमित्रहो, ती जागा तुमची असेल, तर ती त्यास आनंदानें द्या. शिक्षेनें जें साधत नाहीं, तें कधीं कधीं बाक बदलल्यानें साधतें.