गुडघेदुखीची तहकुबी

इगतपुरी तालुक्यात पावसाने ठाण मांडले, की घोटीच्या आसपासच्या खाचरांतून आवणीची जी लगबग सुरू होते, तिचा भार मुख्यतः बायकांच्या कमरेवर आणि गुडघ्यांवर पडतो. आणि निम्मे आयुष्य चिखलात वाकण्यात, उकिडवे बसण्यात व डोक्यावर ओझी वाहण्यात गेल्यामुळे ज्यांच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली आहे, अशा एखाद्या प्रौढ स्त्रीने हंगामाच्या तोंडावर दवाखान्याची पायरी चढून ‘डॉक्टर, गुडघ्यात सुई द्या’ अशी विनवणी केली, तर तिला दोष देण्याचा अधिकार निदान कोरड्या ओसरीवर बसलेल्यांना तरी नाही.

ही सुई बहुधा स्टिरॉइडची असते. कॉर्टिसोनच्या संशोधनाला 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या डॉ. हॉलंडर यांनी तत्सम द्रव्य थेट सांध्यात टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा उपाय जगभर रूढ आहे. सूज उतरते, ठणका शमतो, काही आठवडे पाऊल सुखाने पडते. परंतु हा फैसला नव्हे, केवळ तहकुबी आहे. झिजलेली कूर्चा तिने भरून येत नाही. उलट, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, 140 रुग्णांपैकी ज्यांना दर तीन महिन्यांनी अशी दोन वर्षे स्टिरॉइड दिले, त्यांची कूर्चा मिठाचे पाणी टोचलेल्यांहून अधिक झिजली आणि वेदनेत मात्र दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. 2020 साली 156 रुग्णांवरील दुसऱ्या अभ्यासात वर्षअखेरीस सुईपेक्षा व्यायामोपचाराचा गुण सरस ठरला.

अर्थात, सुई सर्वस्वी त्याज्य आहे असे माझे म्हणणे नाही. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा पर्याय आहे खरा; अटलबिहारी वाजपेयींनी 2000 आणि 2001 साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि 2017 पासून सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादाही घातली. पण शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे घरी बसण्याची सवड रोजंदारीवरच्या बाईला कोठून असणार? माझी तक्रार निराळी आहे. सुईत काय होते, हे पुष्कळदा रुग्णाला सांगितलेच जात नाही. मग एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला ठाऊक नसते आणि तहकुबीवर तहकुबी पडत जाते. मधुमेह्याची साखर या औषधाने काही दिवस चढते आणि सांध्यात क्वचित जंतुसंसर्गही होतो, हे तरी आधी कळावयास नको काय?

म्हणून घोटीच्या बाजारी येणाऱ्या माता-भगिनींना एवढीच विनंती, की सुई घ्यावयाचीच असेल तर औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख केसपेपरवर लिहून मागावी, तो कागद जपून ठेवावा, तीन महिन्यांच्या आत पुन्हा त्याच गुडघ्यात सुई घेऊ नये, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. आणि सुईनंतर गुडघा तापून लाल झाला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.