हातसलामी आणि शाळकरी पैलवान

शालेय कुस्तीत मुलांनी वागावे कसे, हा प्रश्न 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांच्या स्पर्धा तालुक्याला भरू लागल्या की दरवर्षी निघतो. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्यालय. इथला मुलगा तालुक्यावरून यवतमाळ जिल्ह्याच्या, तिथून अमरावती विभागाच्या आणि नशीब असेल तर राज्याच्या गादीवर पोहोचतो. या वाटेवरच्या शिस्तीबद्दल एक मत मोठ्या ठसक्यात मांडले जाते. ते असे, की कुस्ती हा रगीचा खेळ आहे. पंचाला मान द्या, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवा, असले शिकवले की पोरे मऊ पडतात. आणि हे चोचले गादीबरोबर शहरातून आले, मातीत ते नव्हते.

यातला शेवटचा दावा सर्वांत टाळीखाऊ आणि सर्वांत पोकळ आहे. आखाड्यात उतरताना पैलवान माती कपाळाला लावतो, वस्तादाच्या पाया पडतो. हातसलामी झडल्याशिवाय कुस्ती सुरू होत नाही. जोड लावताना वय, वजन, ताकद पाहिली जाते. तगड्यापुढे पोर उभे करणाऱ्याला फडावरची माणसेच खडसावतात. घामाने अंग निसरडे झाले की पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, म्हणजे ज्याला पाडायचे त्यालाच पकड मिळवून देतात. कुस्ती बरोबरीत सुटली तर पंच दोघांचेही हात वर करतो. हे सारे शहरी चोचले असतील, तर ते शहर बरेच जुने आणि चांगलेच खेडवळ असले पाहिजे. खरे तर हे माती श्रेष्ठ की गादी या जुन्या भांडणाचेच शेपूट. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभागांच्या विजेत्यांची गदेसाठी गाठ पडते, म्हणजे भांडणाचा निकाल आखाड्यातच लागतो. तरी काहींना त्याची धग अजून शेकावीशी वाटते.

रगीचे म्हणाल, तर तिचे दोन नमुने पाहा. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निर्णय न पटलेल्या एका मल्लाने पंचाला लाथ मारली, दुसरा अंतिम लढत अर्धवट टाकून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. त्याआधी 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य लढतीत रवीकुमार दहियाच्या दंडाला प्रतिस्पर्ध्याने कडकडून चावा घेतला. रवीने पकड सोडली नाही, उलट चावाही घेतला नाही. समोरच्याला चीतपट केले. याला मऊ पडणे म्हणत असतील, तर असे मऊ पैलवान पांढरकवड्याला हवेच आहेत.

भलेपणाने पदके जातात, हेही ऐकवले जाते आणि पुरावा म्हणून खाशाबा जाधवांना उभे केले जाते. 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या लढतीला उतरवले गेले आणि ते हरले. पण तिथे उणीव पडली ती नियम दाखवून दाद मागणाऱ्या भारतीय अधिकाऱ्याची, उद्धटपणाची नव्हे. कांस्यपदक त्यांनी आणलेच.

पालक गादीच्या कडेला येऊन ओरडतात, मग पोर कसे शांत राहील, असेही विचारले जाते. हा मुद्दा पालकांना लागू पडतो, पोराला नाही.

करण्याजोगे आहे ते थोडकेच. मोठ्या स्पर्धांत निर्णयाला आव्हान देण्याची सोय मार्गदर्शकाकडे असते आणि आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. तालुक्याच्या स्पर्धेत चित्रण पाहायची सोय सहसा नसते, म्हणून तिथे बोलायचे ते शिक्षकाने, मल्लाने नव्हे. कुस्तीआधी आणि कुस्तीनंतर हात मिळवणे, निकाल जाहीर होईपर्यंत गादी न सोडणे, हरल्यावरही पंचाशी आणि समोरच्या मार्गदर्शकाशी हात मिळवणे, एवढा सराव डावांबरोबरच रोज करून घ्यावा. आणि वजन करण्याआधी प्रत्येक मुलाला हेही सांगावे, की जागतिक नियमांनुसार गंभीर गैरवर्तनासाठी स्पर्धेतून बाद झालेल्या मल्लाला क्रमांकसुद्धा मिळत नाही.