पाटी हातात घ्या

या अंकाचं मुखपृष्ठ कागदावर काढलेलं नाही. आमच्या गटातल्या एका पोरीनं ते पेन टॅबलेटवर काढलंय. म्हणजे काय, तर एक काळी सपाट पाटी, तिची वायर कम्प्युटरला, आणि हातात शाई नसलेलं पेन. हात पाटीवर फिरतो, रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. एवढंच ते यंत्र. पण एवढ्यावरून बैठकीत दोन तास भांडण झालं. एक दोस्त म्हणाला, हे श्रीमंताच्या पोरांचे चाळे, आपल्याला ब्रश नि डबा बस्स. दुसरा म्हणाला, घ्यायचं तर लाखाचं घेऊ, स्वस्तातल्यानं काय होतंय! दोघंही आमचे जिवाचे दोस्त, पण दोघांचंही आम्हाला पटत नाही. का पटत नाही ते इथं मांडतो. ज्यांना संपादकीयात नुसत्या आरोळ्या हव्यात, त्यांनी खुशाल पान उलटावं.

आम्ही त्या यंत्राला पाटीच म्हणतो. पाटी आमच्या ओळखीची आहे. आमच्या बापजाद्यांच्या डोक्यावर पाटी होती. मातीची, खडीची, शेणाची. हातात धरून अक्षर गिरवायची जी पाटी, ती मात्र या व्यवस्थेनं शतकानुशतकं आमच्यापासून लांब ठेवली. म्हणून बाजारात कुठलीही नवी पाटी आली की आमचा पहिला सवाल एकच असतो : ही जाणार कुणाच्या हातात?

हा सवाल उगाच नाही. वस्तीत चक्कर मारा. पूर्वी वस्तीत एखादा पेंटर हमखास असायचा. १४ एप्रिल जवळ आला की तो भिंत घासायचा, चुना मारायचा, चौकटी पाडून बाबासाहेबांचा चेहरा मोठा करायचा. नाक थोडं वाकडं यायचं, पण ती रेघ त्याची असायची. फ्लेक्सच्या मशिनीनं त्याचा धंदा खाल्ला. आता फ्लेक्सवाल्याकडं तयार साचा असतो. तोच फोटो, तीच सोनेरी महिरप, खाली शुभेच्छुकांची टाचणीएवढी मुंडकी. नाव बदल, तारीख बदल, छाप. आता तर फोनला चार शब्द सांगितले की अख्खं चित्र पडतं, गुळगुळीत, घामाचा थेंब नसलेलं. भिंत आमची, पैसा आमच्या वर्गणीचा, महापुरुष आमचा, आणि रेघ मात्र कुणाचीच नाही!

आणि रेघ दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं तेही आम्ही बघितलंय. १९४९ साली शंकरनं व्यंगचित्र काढलं : संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, मागं चाबूक उगारलेले नेहरू. २००६ साली ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेलं आणि २०१२ साली संसदेत गदारोळ झाल्यावर मागं घेतलं गेलं. ते एकटं नव्हतं. उन्नमती श्यामसुंदर या दलित व्यंगचित्रकारानं १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी पत्रांनी बाबासाहेबांवर छापलेली व्यंगचित्रं गोळा करून २०१९ साली ‘नो लाफिंग मॅटर’ हे पुस्तक केलं. ती शंभराच्या वर भरली. त्या सगळ्या काळात पेन कुणाच्या हातात होतं हे वेगळं सांगायला नको. पुस्तकातून एक चित्र काढायला लावणं हा लढ्याचा अर्धा भाग झाला. आपलं चित्र आपण काढणं हा उरलेला अर्धा.

आता यंत्राकडं वळू. ही पाटी काही काल जन्मली नाही. अमेरिकेतल्या रँड संस्थेनं १९६४ साली अशी पाटी पुढं आणली, संरक्षण खात्याच्या संशोधनाच्या पैशावर. जपानात १९८३ साली वॅकॉम कंपनी निघाली आणि चित्रकारांच्या टेबलावर तिचंच राज्य झालं. पाटीच्या पोटात तारांची बारीक जाळी असते, पेनात तारेचं वेटोळं असतं. जाळीतून निघणाऱ्या लहरींवरच पेन चालतं, म्हणून पेनात सेल लागत नाही. एकेकाळी ही गोम वॅकॉमकडंच होती आणि बाकीच्यांची पेनं चार्ज करावी लागत. आता हुइऑन, एक्सपी-पेन यांच्या स्वस्त पाट्यांचीही पेनं बिनसेलची आली. मक्तेदारी मोडली की भाव उतरतो. हा धडा पाटीपुरताच नाही, पण ते असो.

बाजारात तीन जाती आहेत. यंत्रांच्याही जाती असतात, वर्णव्यवस्था दुकानात पण आहे! पहिली बिनपडद्याची पाटी. हात खाली, नजर वर. नावाजलेल्या कंपनीची लहान पाटी दोन-तीन हजारांपासून मिळते, म्हणजे आमच्यासारख्याच्या चार-पाच दिवसांच्या हजेरीत. दुसरी पडद्याची पाटी, तिच्यावर चित्र हाताखालीच दिसतं. ती वीस हजारांच्या आसपास सुरू होते, वर पुन्हा कम्प्युटर लागतोच. तिसरी आयपॅडसारखी स्वतंत्र. तिला कम्प्युटर लागत नाही, पण पेन वेगळं विकत घ्यावं लागतं आणि सगळं मिळून खिसा फाटतो.

आमचं म्हणणं सरळ आहे. शिकणाऱ्यानं पहिली घ्यावी. हप्त्यावर दुसरी-तिसरी घेऊ नये. दुकानदार सांगेल, वर बघत खाली काढायला जमत नाही हो. का जमत नाही? माउस हलवताना कुणी हाताकडं बघतो का? पहिले दोन आठवडे रेघ साप चावल्यागत पळते, मग हात आणि डोळा एकमेकांना ओळखतात. त्या दोन आठवड्यांचा कंटाळा टाळायला वीस हजारांचं कर्ज काढणं म्हणजे सावकाराच्या दारात स्वतःच्या पायानं जाणं.

घेताना आकड्यांना भुलू नका. खोक्यावर लिहिलेलं असतं, दाबाच्या ८१९२ पातळ्या. आता कुणी १६,३८४ पण लिहितो. पेन जोरात दाबलं की रेघ जाड, हळू धरलं की बारीक, त्या मापाच्या या पायऱ्या. एवढ्या बारीक पायऱ्यांतला फरक माणसाच्या हाताला सहसा कळत नाही. त्यापेक्षा पाटीची जागा बघा. चार बाय सहा इंचाच्या पाटीवर नुसतं मनगट हलतं. व्यंगचित्राला, अक्षराला ते पुरतं. मोठी सलग रेघ ओढणाऱ्याला सहा बाय दहा बरी, तिथं कोपरापासून हात फिरतो. पेन बिनसेलचं आहे ना ते विचारा. जादा निबा सोबत आहेत का बघा, कारण निब प्लास्टिकची, ती झिजते. वायर काढता-लावता येणारी असावी, कारण आधी वायरच मरते. जुनी पाटी घेत असाल तर चारी कोपऱ्यांत रेघ मारून बघा, वायरीचं तोंड हलवून बघा, दाब चालतो का बघा. एवढं ठीक असेल तर खरचटलेल्या अंगाकडं बघू नका.

घरात कम्प्युटर नाही? बऱ्याच नव्या पाट्या ओटीजीच्या चिमणीनं अँड्रॉइड फोनला लागतात. घेण्याआधी दुकानात आपला फोन लावून खात्री करा. फोनला जोडल्यावर काही पाट्यांचा एक तुकडाच चालतो, पण शिकायला तो पुष्कळ झाला. आयबिस पेंट फुकट मिळतं, जाहिराती सोसायच्या. कम्प्युटर असेल तर क्रिटा घ्या. ते फुकट आहे, आणि चोरीचंही नाही. जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेलं, ज्याचा आतला मजकूरसुद्धा उघडा आहे. आकार नि मोठ्या अक्षरांसाठी इंकस्केप, तेही तसंच. अडोबीवाल्यांनी २०१३ पासून नवं फोटोशॉप कायमचं विकणं सोडलं, ते भाड्यानंच देतात. भाडं थांबलं की हत्यार बंद. खोलीचं भाडं भरून दमलेल्या माणसानं ब्रशचं भाडं कशाला भरायचं?

पाटी घरी आली की पहिली तीन कामं करा. जुन्या कंपनीचा ड्रायव्हर कम्प्युटरात असेल तर तो काढून मगच नवा टाका, नाहीतर दोघं एकमेकांचे पाय ओढतात. दुसरं, पाटीची आणि पडद्याची लांबी-रुंदी एका प्रमाणात आणा. ड्रायव्हरमध्ये तशी सोय असते. हे केलं नाही तर गोल काढायला जाल आणि अंडं उमटेल, आणि वर आपल्यालाच दोष द्याल. तिसरं काम दाबाचं, आणि ते आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं. मी गोदीत गोणी-खोकी उचलतो. असला हात जड असतो. पेन धरलं की आकडा धरल्यासारखं रुततं, प्रत्येक रेघ जाडच येते. कारखान्यातून पाटी येते ती मऊ हाताच्या मापानं. ड्रायव्हरमध्ये दाबाची एक वाकडी रेघ असते, ती कडक बाजूला सरकवा. मग बारीक रेघही निघते. तुमचा हात बिघडलेला नाही. यंत्राला तुमच्या हाताचं माप सांगायचं राहिलेलं असतं, एवढंच. मुंबईच्या दमटात तळवा पाटीला चिकटतो, त्यासाठी हातमोजा विकत घेऊ नका. जुन्या पायमोज्याचं तोंड कापून करंगळीच्या बाजूला चढवा.

मग गिरवा. रोज अर्धा तास नुसत्या उभ्या, आडव्या, गोल रेघा. चेहरे नंतर. आणि अक्षर विसरू नका, कारण आपलं पोस्टर अक्षरावर उभं असतं. देवनागरीच्या बोरूची जीभ इंग्रजी टाकाच्या उलट बाजूला तिरकी कापतात. क्रिटामध्ये चपटा ब्रश घेऊन त्याचा कोन तसा बांधून ठेवा. जाड-बारीकचं आपलं वळण आपोआप येईल. मग साच्यातल्या अक्षरांची भीक मागायला नको.

छापायच्या वेळी एक फसगत होते, ती आधीच सांगतो. पडद्यावर निळा रंग असा पेटतो की डोळे भरून यावेत. छापून आला की मेलेला, नाहीतर जांभळट. पडदा उजेडानं रंगतो, कागद शाईनं. चार शाईंत तो पेटता निळा बसतच नाही. झेंड्याचा रंग जांभळा झाला की वस्ती प्रेसवाल्याला शिव्या देते. म्हणून छपाईचं चित्र पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये धरा, क्रिटात ती सोय आहे. आणि निळ्यात किरमिजी शाई कमी ठेवा. अंकासाठी ३०० डीपीआय ठेवा. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला १०० पुरे.

आता ‘लाखाचंच घेऊ’ म्हणणाऱ्या दोस्ताला उत्तर. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ती पार्टी १९६६ साली ऑकलंडला निघाली आणि १९६७ पासून तिचं पत्र निघू लागलं. त्या पत्राची चित्रं एमरी डग्लस काढायचा. छपाईचं काम तो पोरवयात सुधारगृहाच्या छापखान्यात शिकला. त्याच्याकडं होतं काय? मार्कर, चिकटवायच्या तयार ठिपक्यांचे कागद, काळी शाई आणि बहुतेक वेळा जोडीला एखादाच रंग. त्या गरिबीतून त्यानं जाड काळ्या रेघेची माणसं उभी केली. उंदरांच्या घरात राहणाऱ्या बाया, पोरं, म्हातारी. ती चित्रं रस्त्यावरच्या भिंतींवर लागली. माणूस पैशानं अडला, रेघ अडली नाही.

आणि ‘ब्रशच बस्स’ म्हणणाऱ्या दोस्ताला उत्तर. ब्रश सोडा असं कोण म्हणतंय? पण कागद, रंग, प्रत्येक चुकीला नवा कागद, हा खर्च चालूच राहतो. पाटीवर हजार चुका फुकट. गरिबाच्या पोराला चूक करायची चैन या यंत्रानं पहिल्यांदा दिलीय. शाळेनं दिली नव्हती.

तेव्हा ठराव असा. प्रत्येक वस्तीनं जयंतीच्या वर्गणीतून एका फ्लेक्सचे पैसे बाजूला काढावेत आणि एक पाटी घ्यावी. ती विहारात किंवा वाचनालयात ठेवावी. वही घालावी, पाळी लावावी, पोरींची पाळी आधी, कारण घरी त्यांना अर्धा तासही कुणी देत नाही. पाटी कुणा पदाधिकाऱ्याच्या कपाटात कुलूपबंद दिसली तर तिथल्या तिथं जाब विचारावा. आणि वस्तीतला तो जुना पेंटर जिवंत असेल तर त्याला बोलावून आणा. यंत्र पोरं शिकवतील, चेहरा कसा पकडायचा ते तो शिकवेल.

पुढच्या अंकासाठी चित्रं पाठवा. फोनवर काढलेली, पाटीवर काढलेली, कोळशानं काढून फोटो मारलेली, सगळी चालतील. रेघ वाकडी असली तर छापू. उसनी असली तर छापणार नाही.

जयभीम!