कॅरेटचा हिशोब आणि खडीचा चुराडा

भिलाईत गरियाबंद जिल्ह्यातील बेहराडीह आणि पायलीखंड ही नावे कानावर येतात ती हिऱ्यांच्या निमित्ताने. कॅरेट किती, लिलाव कधी, महसूल किती? विज्ञानाच्या बातम्याही याच प्रश्नांत अडकाव्यात, हे दुर्दैव आहे. हिऱ्याची किंमत होते. त्याच शिलारसाने खोल प्रावरणातून आणलेल्या सामान्य खनिजकणांची दखलही घेतली जात नाही.

शिलारस वर चढताना वाटेतील खडकांचे तुकडे तोडून सोबत आणतो. त्यांना झेनोलिथ, म्हणजे ‘परका दगड’, म्हणतात. पोलाद कारखान्याच्या गावाला हे वेगळे समजवावे लागू नये : स्लॅगमध्ये भट्टीच्या अस्तराचा तुकडा सापडला, तर आतले अस्तर कशाचे आहे हे भट्टी न फोडता कळते.

दख्खनच्या पठारावर हा प्रश्न जिवावरचा आहे. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर बेसाल्ट पसरला आहे. परंतु कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) येथील भूकंपांचा उगम त्याखालच्या प्राचीन खडकात झाला. किल्लारीच्या वेधनात ३३८ मीटरवर तो खडक लागला. मात्र एक छिद्र एकाच बिंदूचे उत्तर देते. उलट, धुळे परिसरातील राजमाने आणि तळवाडे येथील डाइकांत नाइस, क्वार्टझाइट, ग्रॅन्युलाइट, कार्बोनेट खडक असे नानाविध तुकडे एकत्र सापडले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दाखवले की, बेसाल्टखालचे कवच एकजिनसी नाही. भुज परिसरातील बेसाल्टात तर थेट प्रावरणातील पेरिडोटाइट मिळतो. तो शिलारसाहून जड असतो. म्हणजे तो बुडण्यापूर्वीच शिलारस वेगाने वर आला असला पाहिजे. एका दगडातून रचना आणि वेग, दोन्ही कळतात.

‘असे दगड पुष्कळ आहेत, विकास थांबवायचा का?’ हा युक्तिवाद फसवा आहे. बेसाल्ट पुष्कळ आहे; झेनोलिथ असलेल्या डाइक मोजक्या आहेत. क्रशरमधून खडी झालेला तुकडा कोणत्या डाइकमधला, हे पुन्हा कधीच कळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भूवारसा संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. पण मसुद्याने दगड वाचत नाहीत. खाणपट्टा देण्यापूर्वी डाइकची पाहणी, नमुन्यांचे जतन आणि अचूक स्थाननोंद बंधनकारक करणे, ही मागणी अवास्तव नाही. विद्यार्थ्यांनी ती आग्रहाने मांडली पाहिजे.